भाव विचारण्याआधी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दहावी १९९५च्या तुकडीतर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं, ‘तू अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर बोल.’ मी म्हटलं, त्यावर माझी मुलगीसुद्धा बोलेल. मी नागरिकशास्त्रावर बोलते. पहिल्या रांगेत बाई बसल्या आहेत. त्यांना आठवत असेल, या विषयात मला कधीच बरे मार्क नव्हते. तीस वर्षांनी ती बाकी थोडी फेडते.

२०१५ साली मी इंडियाना राज्यात, इंडियानापोलिसला नोकरी करत होते. त्या वर्षी २६ मार्चला गव्हर्नर माइक पेन्स यांनी धर्मस्वातंत्र्याच्या एका कायद्यावर सही केली आणि पुढचा आठवडा आमच्या शहरात दुसरा विषय नव्हता.

अशा कायद्यांचं मूळ वाईट नाही. १९८०च्या दशकात नेटिव्ह अमेरिकन चर्चच्या दोन सदस्यांची नोकरी गेली होती, कारण त्यांनी धार्मिक विधीत पेयोटी नावाचं नशा आणणारं निवडुंग खाल्लं होतं. त्यांना बेकारभत्ता नाकारता येतो, असं १९९०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. मग लहान धर्मांना वाली कोण, या काळजीने १९९३मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून केंद्रीय कायदा केला: फार सबळ कारण असल्याशिवाय सरकारने कुणाच्या धर्माचरणावर मोठा बोजा टाकू नये. याच कायद्याच्या आधाराने २०१५मध्ये एका शीख विद्यार्थ्याला पगडी आणि दाढी ठेवून सैन्याच्या अधिकारी-प्रशिक्षणात जाण्याचा मार्ग न्यायालयाने मोकळा केला. तिथे आपणही मूठभरच. त्यामुळे हा कायदा सरसकट मोडीत काढा, असं मी कधी म्हणणार नाही.

इंडियानाच्या कायद्यात मात्र दोन गोष्टी जास्तीच्या होत्या. त्यात ‘व्यक्ती’मध्ये कंपन्याही धरल्या होत्या, आणि सरकार पक्षकार नसलेल्या दाव्यातही धर्माचा बचाव घेता येणार होता. विरोधकांचं म्हणणं असं, की उद्या एखादा दुकानदार समलिंगी जोडप्याला ‘माझ्या धर्मात बसत नाही’ म्हणून परत पाठवेल आणि कायदा त्याच्या बाजूने उभा राहील. राज्याच्या कायद्यात या लोकांना संरक्षण नव्हतं. इंडियानापोलिस शहराच्या नियमात होतं, तेही पोकळ होईल अशी भीती होती. सेल्सफोर्ससारख्या कंपन्यांनी उघड विरोध केला. ‘इंडियानापोलिस स्टार’ने अख्खं पहिलं पान या एका मागणीला दिलं. दुकानांच्या काचांवर ‘इथे सगळ्यांना सेवा मिळते’ अशा अर्थाचे स्टिकर लागले. २ एप्रिलला दुरुस्ती झाली: या कायद्याचा आधार घेऊन सेवा नाकारता येणार नाही.

आता खरं बोलायचं ते.

त्याच्या दोन महिने आधी माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने मला विचारलं होतं, ‘माझ्या लग्नाची छोटीशी वेबसाइट करून देशील का?’ त्याचा होणारा जोडीदार पुरुष होता. तारीख, नकाशा, चार फोटो, येणार की नाही ते कळवायचा फॉर्म. दोन तासांचं काम. तसंच पान मी नुकतंच माझ्या भाचीच्या लग्नाला केलं होतं आणि ते त्याने पाहिलं होतं. मी म्हटलं, ‘अरे, सध्या रिलीज आहे, जमणार नाही.’

रिलीज नव्हता. सासूबाई आल्या होत्या, मंडळातल्या लोकांनी ते पान पाहिलं असतं, उगाच चर्चा झाली असती. माझा धर्म आड आलाच नव्हता. लोक काय म्हणतील, एवढंच आड आलं होतं.

कायद्याची चर्चा चालू असताना जेवणाच्या सुट्टीत तो सहज म्हणाला, ‘आम्ही फोटोग्राफरला, केकवाल्याला फोन केला की भाव नंतर विचारतो. आधी सांगतो, आम्ही दोघेही पुरुष आहोत, चालेल ना?’ मग माझ्याकडे बघून हसून म्हणाला, ‘तुझा रिलीज झाला का?’

माझा घास तसाच राहिला. आपल्याच वर्गातली एक मैत्रीण आठवली. ती आज इथे बसली आहे, तिला विचारूनच सांगते आहे. ती पुण्यात भाड्याने घर शोधायची तेव्हा फोनवर पहिल्यांदा आडनाव सांगायची. भाडं, डिपॉझिट सगळं नंतर. ‘तिथवर जाऊन परत येण्यापेक्षा बरं,’ असं म्हणायची. तेव्हा मी घरमालकांना नावं ठेवली होती.

त्यानंतर असे खटले मी लक्ष देऊन वाचू लागले. १९६८चा एक आहे. साउथ कॅरोलायनातल्या एका उपाहारगृहाच्या मालकाचं म्हणणं होतं, कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या बरोबरीने वागवणं माझ्या धर्माविरुद्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाने तो मुद्दा उडवून लावला. २०१८मध्ये कोलोरॅडोच्या केकवाल्याच्या बाजूने निकाल लागला, पण त्याचं कारण अरुंद होतं: राज्याच्या आयोगाने त्याच्या श्रद्धेची सुनावणी निष्पक्षपणे केली नव्हती. आणि २०२३चा खटला तर थेट माझ्याच धंद्यातला! कोलोरॅडोच्या एका वेब डिझायनर बाईंना समलिंगी लग्नांच्या वेबसाइट करायच्या नव्हत्या. सहा विरुद्ध तीन असा निकाल त्यांच्या बाजूने लागला, तोही धर्माच्या नव्हे तर अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यावर. सरकार कुणाच्या तोंडून हवं ते वदवून घेऊ शकत नाही, असं बहुमताचं म्हणणं.

ते म्हणणं मला कळतं. माझ्या श्रद्धेची टिंगल करणारं पान कुणी करायला सांगितलं, तर मी नाही म्हणेन. आणि जो सांगेल त्या प्रत्येकाला नाही म्हणेन. पण भाचीच्या पानात आणि त्याच्या पानात फरक फक्त नावांचा होता. आमच्या भाषेत सांगायचं तर, कोड तोच, फक्त व्हेरिएबल बदलायचे होते. मी नकार मजकुराला दिला नव्हता, माणसाला दिला होता. काय बनवायचं ते बनवणाऱ्याने खुशाल ठरवावं. पण दुकान सगळ्यांसाठी उघडल्यावर, कुणासाठी बनवायचं हे आत आलेल्याचा चेहरा पाहून ठरवू नये.

बाई, हे तुम्ही आम्हाला शिकवलं होतं. संविधानाच्या १५व्या कलमात दुकानं, उपाहारगृहं आहेत, हे मी नुसतं घोकलं. १९४८मध्ये संविधान सभेत ‘दुकान’ म्हणजे नेमकं काय, असा प्रश्न निघाला, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तो शब्द फार व्यापक केला: सेवा मागायला येईल त्याला ती द्यायला मालक तयार असतो, ती जागा म्हणजे दुकान. हे मी वाचलं चाळिशीला टेकताना, परदेशात, स्वतः खोटं बोलल्यावर.

मी त्याला खरं कारण सांगितलं. तो म्हणाला, ‘मला माहीत होतं.’ वेबसाइट तोवर त्याने स्वतःच केली होती, आणि माझ्यापेक्षा बरी केली होती. लग्नाला मी गेले. सासूबाईही आल्या, त्यांना मी तोवर काही विचारलंच नव्हतं. ‘फुलं छान होती, भाताला मीठ कमी होतं,’ एवढंच त्यांचं मत पडलं.

आज या सभागृहात दुकानदार आहेत, डॉक्टर आहेत, बिल्डर आहेत, घरं भाड्याने देणारे आहेत. कायदा कुठे काय म्हणतो ते वकील मित्र सांगतील. मी एवढंच मागते: ‘सध्या जमणार नाही’ असं पुढच्या वेळी म्हणाल, तेव्हा रिलीज खरंच आहे ना, ते एकदा तपासून घ्या.