बदके मोजणाऱ्याची वाट

पाणपक्ष्यांचा अभ्यासक व्हायला काय लागते, असे विचारले की दुर्बीण, चिकाटी आणि पक्ष्यांचे वेड, ही उत्तरे ठरलेली. तिन्ही हवीतच. पण या शास्त्राची घडण पाहिली, तर अभ्यासकाला पक्ष्यांइतकाच माणसांशीही मेळ जमवावा लागला, असे दिसते. अमेरिकेतले फ्रेडरिक लिंकन घ्या. डेन्व्हरच्या संग्रहालयात काम करणारा हा माणूस १९२० साली सरकारी जीवसर्वेक्षण खात्यात आला आणि पक्ष्यांच्या पायांत कड्या घालण्याचे काम पाहू लागला. कडी घातलेले बदक पुढे कुठे गेले, हे कळणार कसे? ज्याच्या बंदुकीला ते बळी पडले, त्या शिकाऱ्याने कडीवरचा क्रमांक कळवला तर! अशा नोंदींवरून लिंकन यांनी १९३० मध्ये एक रीत मांडली; खरे तर ते शाळेतले त्रैराशिकच. समजा, हजार बदकांना कड्या घातल्या आणि हंगामात त्यांतली एकशेवीस मारली गेली, म्हणजे शेकडा बारा. एकूण शिकार बारा लाखांची असेल, तर मूळ बदके सुमारे एक कोटी. शिकाऱ्यांनी कड्या दडवल्या, तर हा आकडा खोटाच फुगतो. याच नोंदींतून पुढे उत्तर अमेरिकेतल्या स्थलांतराचे चार मुख्य मार्ग त्यांनी दाखवून दिले.

कोणी म्हणेल, हे शास्त्र बंदुकीच्या आधाराने वाढले. भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंधने आल्यानंतर आपल्याला त्याचे काय? आक्षेप अर्धाच खरा आहे. पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या पुढाकाराने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने कड्या घालण्याचे मोठे काम हाती घेतले, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने मदत केली. ती काही पक्षिप्रेमापोटी नव्हे. स्थलांतरी पक्षी रोग वाहून आणतात का, हे तिला जाणून घ्यायचे होते. म्हणजे शिकारी नसला, तरी दुसऱ्या कोणाची तरी गरज लागतेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: आता उपग्रहाला संदेश देणारे यंत्र पक्ष्याच्या पाठीवर बसते, मग लोकांच्या नोंदी कशाला? पण असे महागडे यंत्र मोजक्याच पक्ष्यांना लावता येते. त्यावरून वाट कळते, संख्या नाही. चक्रवाकाने हिमालय कधी ओलांडला, हे यंत्र सांगेल. जायकवाडी जलाशयाचे पाणी ओसरल्यावर पक्ष्यांच्या जागेत गाळपेरीला नांगर कधी लागतो आणि जाळी कुठे पडतात, हे मात्र काठावरच्या शेतकऱ्याला आणि मासेमारालाच विचारावे लागते, आणि तेही ओळख वाढल्याशिवाय सांगत नाहीत.