दादरचा वडापाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाई मला म्हणाल्या, "मुंबईला जाऊन आलात, तर त्यावर चार शब्द बोला." मुंबई म्हटली की लोक समुद्र सांगतात, राणीचा बाग सांगतात. ते सारे मीही पाहिले. पण माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. समुद्राचे वर्णन काही माझ्याने व्हावयाचे नाही. मला कळते ते चुलीपाशचे. तेव्हा मी खाण्याच्या एका जिनसेवर बोलणार आहे, ती म्हणजे वडापाव. हसू नका. "वडापाव काय आपल्याकडे मिळत नाही?" असे कुणी म्हणेल. मिळतो, मीही खाल्ला आहे. पण दोहोंत भेद आहे, तोच सांगावयास उभी राहिले आहे.

लग्नाला बावीस वर्षे झाली, तेव्हा कुठे आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत सहलीला म्हणून बाहेर पडलो. एरवीचा प्रवास म्हणजे कुणाचे लग्न, कुणाचे दुखणे, नाहीतर कुणाची तेरवी. अहेरीहून एसटीने चंद्रपूर, वर्ध्याला गाडी बदलून मुंबई. माझी नणंद लालबागला राहते. बांधून नेलेल्या दशम्या आणि जवसाची चटणी वाटेतच संपली. सकाळी दादरला उतरलो तेव्हा पोरे भुकेने रडकुंडीस आली होती आणि घरचे म्हणत होते, "आता ताईकडे जाऊनच जेवू." इतक्यात स्टेशनाबाहेर कढईचा वास आला.

वास ओळखीचा होता. आपल्या आलूबोंड्याचाच. म्हटले, बघू तरी. गाडीवाल्याने कढईतून वडा काढला, पाव मधोमध चिरला, आत लाल सुकी चटणी पसरली, वडा ठेवून वरून तळहाताने दाबला, बाजूला मीठ लावलेली तळलेली मिरची ठेवली आणि कागदात गुंडाळून दिला. ह्या सगळ्याला दहा आकडे मोजण्याइतकाही वेळ लागला नसेल. मी सवयीने तो घरच्यांपुढे केला. तर गाडीवाला म्हणतो, "ताई, तो तुमचा. त्यांचा येतोय." भगिनींनो, आपल्यापैकी किती जणींनी तव्यावरचा किंवा कढईतला पहिला घास स्वतः खाल्ला आहे? सगळ्यांची पाने उठल्यावर जे उरेल ते, आणि तेही निवलेले. मी त्या फुटपाथावर उभ्याने, डोक्यावरचा पदर सावरीत, कढत वडा खाल्ला. जीभ पोळली. दुसराही घेतला. वीस रुपये माझ्या कनवटीचे दिले.

एक गंमत सांगते. मी त्याला विचारले, "सारणात सांबार टाकता का हो?" तो बघतच राहिला. म्हणाला, "सांबार उडप्याकडे मिळेल, पुढच्या गल्लीत." आपण कोथिंबिरीला सांबार म्हणतो, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! आपला आलू तिकडे बटाटा होतो, बोंडा तिकडे वडा होतो.

आता भेद कशात ते सांगते. आपण आलूबोंडा बशीत घेतो, वर रस्सा किंवा कढी ओततो आणि बसून खातो. बशी हवी, चमचा हवा, टेबल हवे. दादरचा माणूस पाच मिनिटांत दुसरी गाडी धरणारा. त्याला बशी देऊन चालत नाही. पावच त्याची बशी. तो वड्याचे तेल पितो, तिखट सोसतो आणि पोटाला आधार देतो. सारण अगदी लोण्यासारखे घोटलेले नसते, बटाट्याचे बारीक खडे हाताला लागतात. लसूण, आले आणि हिरवी मिरची वाटलेली नव्हे, ठेचलेली. बेसनाचे पीठ सैलसर, त्यात कडकडीत तेलाचे मोहन, म्हणून वरचे कवच पातळ. खरी करामत मात्र चटणीची. सुके खोबरे, लसूण आणि लाल तिखट, त्यात कढईत सांडलेल्या पिठाचा कुरकुरीत चुरा. हा चुरा आपण झाऱ्याने काढून टाकून देतो. आपल्याकडच्या वडापावात ही सुकी चटणी नसते, पाव शिळा असतो आणि वडा सकाळचा. मग चव यावी कुठून?

भाच्याने नंतर आम्हाला मोठ्या दुकानात नेऊन दोनशे रुपयांचा बर्गर खाऊ घातला. वाईट नव्हता. पण बर्गर म्हणजे तरी काय? पावाच्या दोन फोडी, मध्ये टिकिया. परदेशी बर्गरची दुकाने भारतात आली, आणि त्यांनाही आपल्यासाठी बटाट्याची टिकिया करावी लागलीच. माझ्या मते त्यांनी लसणाची चटणीही शिकावयास हवी होती.

नणंदेच्या घरी ह्या वडापावावरून गोष्टी निघाल्या. अशोक वैद्य नावाच्या गृहस्थांनी १९६६ साली दादर स्टेशनाबाहेर वडा पावात घालून विकावयास सुरुवात केली, असे मानतात. आपल्याला तो अगदी घरचा वाटतो, पण त्यातले कितीतरी बाहेरचे आहे. पाव आणि बटाटा हे शब्द पोर्तुगीज भाषेतून आलेले. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला, आणि त्यांच्या पाठोपाठ पाव आला. तिकडे खमीर मिळेना, तेव्हा माडाच्या ताडीवर पीठ फुगवीत. शिंदीची ताडी मडक्यात कशी फसफसते ते आपल्याकडच्या बायांना सांगावयास नको. बटाटा आणि मिरची तर अमेरिका खंडातल्या. आणि पाव-बिस्किटे खाल्ली तर माणूस बाटतो, अशी एके काळी समजूत होती. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे ह्यांच्यावरही ग्रामण्य आले होते. माझी आजी पावाला शिवत नसे. तिची पणती पावाशिवाय राहत नाही.

पण मला सर्वांत लागून राहिली ती नणंदेच्या सासूबाईंची गोष्ट. त्यांचे यजमान गिरणीत होते. लालबाग-परळचा सगळा भाग गिरण्यांचा. कोकणातून, घाटावरून आलेले कामगार एकेका खोलीत दाटीने राहत आणि जेवत ते शेजारच्या बायांच्या घरी, महिन्याच्या बोलीने. त्याला खानावळ म्हणत. ह्या म्हातारबाई पहाटे तीनला उठून पंधरा माणसांच्या भाकऱ्या थापीत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. (त्याच वर्षी २६ ऑगस्टला आपला गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला. आपण इकडे नवा जिल्हा मिळाला म्हणत होतो, तेव्हा तिकडे चुली विझत होत्या.) जेवणाऱ्यांजवळ पैसे नाहीत, तर खानावळवाली पीठ कशाचे आणणार? संप असा संपलाच नाही, माणसे पांगली. ज्यांची नोकरी गेली त्यांतल्या कित्येकांनी वडापावाची गाडी लावली. भांडवल म्हणजे कढई, स्टोव्ह आणि पोत्यातले बटाटे. म्हातारबाईही दुपारी घरी वडे तळीत आणि मुलगा ते गिरणीच्या बंद फाटकापाशी नेऊन विकी.

त्यांना हात दिला तो एका महिला मंडळाने. प्रेमाताई पुरव ह्यांनी १९७५ साली मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, ते ह्याच खानावळवाल्या बायांसाठी. बायांना तोवर सावकाराच्या व्याजाखाली दिवस काढावे लागत. मंडळाने त्यांचे गट केले, एकीसाठी दुसरी जामीन राहिली आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले. म्हातारबाई म्हणाल्या, "तोवर मला वाटे, मी नुसती भाकऱ्या भाजते. बँकेच्या कागदावर माझा धंदा लिहिला, तेव्हा कळले की मी धंदा करते." मी त्या रात्री बराच वेळ जागी होते.

परत आल्यावर घरी करून पाहिला. सुके खोबरे महाग, म्हणून अर्धे खोबरे आणि अर्धे भाजलेले तीळ घेतले. थोडे जवसही घातले. चव दादरची नाही, पण आपली आली. अडचण पावाची. चंद्रपुराहून येणारा पाव इथे पोहोचेपर्यंत वाळतो. तव्यावर किंचित तेल सोडून, पाण्याचा हबका मारून झाकण ठेवले की तो पुन्हा मऊ होतो. मागच्या दसऱ्याला आपण सहा जणींनी गाडी लावली ते तुम्हाला माहीत आहेच. २४० पाव आणले होते, रात्री आठच्या आत संपले. खर्च वजा जाता प्रत्येकीला साडेतीनशे रुपये आले. त्या सहांतल्या एकीच्या घरी कमावते माणूस उरलेले नाही. ती मला विचारते आहे, "दसरा वर्षातून एकदा, पुढचे अकरा महिने काय?"

तिच्यासाठी मी आज बोलते आहे. तिला बसस्थानकाजवळ रोजची गाडी लावावयाची आहे. कढई तिची, हात तिचा. मोठा तवा, गाडी आणि पहिल्या महिन्याचे बेसन-तेल एवढे हवे. बचत गटाच्या कर्जाला दोन जामीन लागतात. एक मी राहते. घरच्यांना विचारले आहे, ते नको म्हणाले नाहीत. दुसरी कोण, हे सभा संपल्यावर चिटणीसबाईंकडे सांगावे. आणि जिच्या घरी जाड बुडाचा मोठा तवा पडून असेल, तिने तो येत्या शुक्रवारपर्यंत मंडळात आणून द्यावा.