फळा, पाटी आणि मोबाईल



मॅट्रिक होऊन मास्तरकीस लागलों आणि ३६ वर्षें खडूच्या धुळींत काढलीं. अशा माणसानें यंत्राची निंदा करावी, अशीच आपली अपेक्षा असेल. ती मला पुरी करतां येत नाहीं. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या शाळेंत श्री. रणजितसिंह डिसले यांनीं पुस्तकांतील धड्यांना क्यूआर कोडची जोड दिली. २०२० सालीं त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालें. आमच्या उमरगा तालुक्यांतील कडदोऱ्याचे श्री. उमेश खोसे यांनीं तांड्यावरील मुलांसाठीं धडे बंजारा बोलींत आणले. २०२१ च्या राष्ट्रीय शिक्षक पुरस्काराचे ते मानकरी. मूल घरीं काय बोलतें, हें तेथें मास्तरानें आधीं कान देऊन ऐकलें. यंत्र मागाहून आलें.

मार्च २०२० मध्यें शाळांना कुलुपें लागलीं, तेव्हां मात्र हा क्रम उलटला. आमच्या शेजारीं एक तिसरींतला मुलगा होता. घरांत मोबाईल एकच, तोही दिवसभर बापाच्या खिशांत. दिवेलागणीस बाप परतला कीं मुलगा तो घेऊन माझ्या ओसरीवर येई. एके दिवशीं हिशेब होता, ५३ मधून २७ वजा. त्यानें ३४ लिहिले. पडद्यावर तांबडी फुली आली. पुन्हां ३४, पुन्हां फुली. तिसऱ्या खेपेस त्याचे डोळे भरले.

मीं मोबाईल बाजूस ठेवला, पाटी दिली आणि म्हटलें, "बाळ, मोठ्यानें बोलत कर." तेव्हां उलगडा झाला. तीनांतून सात जात नाहींत, म्हणून तो बिचारा सातांतून तीन काढी! मग तुरीच्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधल्या. पांच जुड्या आणि तीन सुट्या काड्या. त्यानें एक जुडी आपल्या हातानें सोडली, तेरा काड्या मोजल्या, सात दूर सारल्या. उरल्या सहा, आणि राहिलेल्या चार जुड्यांतून दोन गेल्यावर दोन. "सव्वीस, गुरुजी!" असा तो ओरडला, तेव्हां आमची मंडळी आंतून धांवत बाहेर आली.

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. पन्नास-साठ पाट्या समोर असतां मीही अशीच फुली मारून पुढें गेलों होतों. पाढे तेवढे कंठरवानें घोकवून घेतले. पण चुकलेल्या मुलाला 'कसें केलेंस' हें किती वेळां विचारलें? मोबाईलला दोष देतांना माझी जीभ अडखळते, ती यामुळेंच.

तो मुलगा आतां मोठ्या शाळेंत जातो. परवां येऊन त्यानें धाकट्या बहिणीसाठीं त्या जुड्या मागून नेल्या. एकीचा दोरा कुजला होता, तो मीं बदलून दिला.