जिल्हा जुना जाणकार आहे



‘कॅन्सर आणि नॅनोकण, आणि परिषद धाराशिवला?’ असं एका स्नेह्यानं मला विचारलं. विचारणारा पुण्याचा, तेव्हा चालायचंच. कॅन्सरच्या शास्त्राला हा जिल्हा नवखा नाही. 1999 पासून बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी इथल्या 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांचा अभ्यास केला. अंगावरून जातंय हे घरातही न बोलणाऱ्या बायका तपासणीला आल्या. काहींची एचपीव्ही चाचणी झाली, काहींची पॅप. काहींच्या गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावून तिथे पांढरा डाग उमटतो का, एवढंच पाहिलं. 2009 मध्ये निकाल छापून आला. तपासणी न झालेल्या चौथ्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं 64 मृत्यू, एचपीव्ही गटात 34. आज जग एचपीव्ही चाचणीचा आग्रह धरतं, त्यामागे आमच्या बायकांचा हा पुरावा आहे. चौथा गट तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे वाद झाला. तो व्हायलाच हवा होता.

आता तुम्हा संशोधकांचे नॅनोकण. पुण्याच्या अ‍ॅक्टोरियस कंपनीच्या ऑन्कोडिस्कव्हर चाचणीत चुंबकीय नॅनोकणांवर प्रतिपिंड बसवलेले असतात. रक्तात भटकणाऱ्या गाठीच्या पेशीवरचं एपकॅम प्रथिन सापडलं की कण तिला चिकटतात. बाहेरून चुंबक लावला की असंख्य रक्तपेशींच्या गर्दीतून नेमकी तीच ओढली जाते. उपचारात तर अल्ब्युमिनच्या नॅनोकणांत बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल 2005 पासून वापरात आहे. साध्या पॅक्लिटॅक्सेलच्या ज्या द्रावकानं काहींना तीव्र अ‍ॅलर्जी होते, तो द्रावकच त्यात लागत नाही.

हे ऐकायला आम्ही उत्सुक आहोत. यजमान म्हणून मागणं मात्र एवढंच, की प्रत्येक वक्त्यानं तीन गोष्टी सांगाव्यात. परंड्याच्या उपकेंद्रातून मे महिन्यात निघालेला नमुना किती तास टिकेल? खर्च किती, आणि तो कोण देणार? निदान झालं, तर त्या बाईनं दुसऱ्या दिवशी कुठली एसटी धरायची?

दुपारच्या जेवणात कुंथलगिरीचे पेढे आहेत. तोवर वेळ पाळावी. घंटा माझ्याकडे आहे, आणि मी ती पाहुण्यांवरही वाजवतो.