पंचायतीच्या दप्तरात शेती कोठे आहे?

(सरपंच, ग्रामपंचायत सदस्य व शेतकरी यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेले व्याख्यान)



मी कृषिविद्या शिकवतो. पेरणी, खत, तण आणि पाणी हे माझे रोजचे विषय. अशा माणसाने पंचायत राज्यावर काय बोलावे, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर सोपे आहे. बांधाच्या आतले बरेच प्रश्न शेतकरी स्वतः सोडवतो. कोणते वाण पेरायचे, खताचा हप्ता केव्हा द्यायचा, हे तो ठरवतो. परंतु बांधाबाहेरचे प्रश्न एकट्याने सुटत नाहीत. ओढ्यात साचलेला गाळ, पाझर तलावाची गळती, मोकाट जनावरे, अडवलेला शिवाररस्ता आणि खाली जाणारी विहिरींची पातळी हे साऱ्या गावाचे प्रश्न आहेत. ते सोडवायला गावाच्या हाती सत्ता लागते. ती किती आली, किती अडली आणि जी आली ती आपण कशी वापरतो, याचा आज विचार करू.

प्रथम थोडा इतिहास पाहू. बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली लोकशाही विकेंद्रीकरणाची शिफारस केली. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पुढे ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. दर पाच वर्षांनी निवडणूक, महिलांना व मागासवर्गीयांना राखीव जागा, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग व राज्य वित्त आयोग आणि ग्रामसभा यांना घटनेचा आधार मिळाला. महिलांचे आरक्षण आपल्या राज्याने २०११ साली ५० टक्क्यांपर्यंत नेले.

या दुरुस्तीने घटनेला अकरावी अनुसूची जोडली. तिच्यात पंचायतींकडे सोपवावयाचे २९ विषय आहेत. पहिलाच विषय आहे, कृषी विस्तारासह शेती. दुसऱ्यात जमीन सुधारणा व मृदसंधारण येते. तिसरा विषय लघु पाटबंधारे, पाणी व्यवस्थापन आणि पाणलोट विकास, तर चौथा पशुसंवर्धन, दुग्धव्यवसाय व कुक्कुटपालन. रस्ते, दिवाबत्ती यांचा क्रमांक बराच खाली लागतो. आता आपल्या ग्रामपंचायतीच्या मागील पाच वर्षांच्या ठरावांचे पुस्तक उघडून पाहा. बहुतेक ठिकाणी हा क्रम नेमका उलटा दिसेल.

असे का झाले? एक कारण घटनेच्या शब्दांतच आहे. कलम २४३-छ म्हणते की, राज्य विधानमंडळ पंचायतींना कायद्याने अधिकार देऊ 'शकेल'. दिलेच पाहिजेत, असे ते म्हणत नाही. त्यामुळे किती द्यायचे हे प्रत्येक राज्याच्या मर्जीवर राहिले. दुसरे कारण असे की काम, माणूस आणि पैसा या तिन्ही गोष्टी एकत्र खाली यायला हव्यात. काम सोपवले पण माणूस व पैसा वरच ठेवला, तर ते सालगड्याला बैलजोडी न देता रान नांगरायला सांगण्यासारखे होते.

शेतीच्या बाबतीत आपल्या राज्यात काय घडले ते पाहू. जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेव्हा कृषी विस्ताराचे बरेचसे काम त्यांच्याकडे होते. १९८० च्या दशकात प्रशिक्षण व भेट पद्धती आली आणि विस्ताराचा कर्मचारी पुन्हा कृषी खात्याच्या साखळीत गेला. १९९८ साली खात्याची एक खिडकी पद्धत झाली. एका कर्मचाऱ्याने शेतकऱ्याला सर्व सल्ला द्यावा, हा तिचा हेतू चांगलाच होता. परंतु आज स्थिती अशी आहे की तालुका कृषी अधिकारी राज्य शासनाच्या कृषी खात्याचे, तर पंचायत समितीतील कृषी अधिकारी जिल्हा परिषदेचे. काही योजनांचा अर्ज एकीकडे, काहींचा दुसरीकडे. गावात येणारे कृषी सहायक, ज्यांना आता सहायक कृषी अधिकारी म्हणतात, त्यांचे वरिष्ठ तालुक्याला आहेत. गावात काम करणाऱ्या शासकीय कर्मचाऱ्यांवर कायद्याने ग्रामसभेचे नियंत्रण असले, तरी व्यवहारात ते फारसे दिसत नाही. मनाने चांगला कर्मचारी ग्रामसभेला येतो, पण व्यवस्था एखाद्याच्या चांगुलपणावर चालू नये.

दुसरा मार्ग निघू शकतो. केरळमध्ये १९९५-९६ च्या सुमारास कृषी भवन व तेथील अधिकारी ग्रामपंचायतीकडे जोडले गेले. १९९६ साली लोकनियोजन मोहीम सुरू झाली आणि राज्याच्या योजना निधीपैकी सुमारे ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांना देण्याचे ठरले. पगार राज्य सरकार देते, पण पंचायतीच्या शेती योजनेची अंमलबजावणी तो अधिकारी करतो. तिथेही अडचणी आहेत. तरीही काम, माणूस आणि पैसा एका ठिकाणी आणता येतात, एवढे त्यावरून नक्की दिसते.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे पाण्याकडे येतो. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी पडले. गावाचे शिवार १,००० हेक्टर आणि पाऊस ४०० मिलिमीटर असेल, तर शिवारात ४०० कोटी लिटर पाणी पडते. यातील काही वाहून जाते, काही बाष्प होऊन उडते, काही जमिनीत मुरते. उरलेले कोणत्या पिकाला द्यायचे, हा खरा प्रश्न आहे. सुरू उसाला पाटपाण्यावर सुमारे २,००० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागते, तर हरभऱ्याला २५० ते ३०० मिलिमीटर. म्हणजे एक हेक्टर उसाच्या पाण्यात सात-आठ हेक्टर हरभरा निघतो. विहीर आपल्या मालकीची असली तरी तिच्यातील झरे शेजाऱ्याच्या रानाखालून येतात. कृषी विद्यापीठ पिकाची शिफारस करील, पण गावाचे पाणी कोणी किती उपसावे हे विद्यापीठ ठरवू शकत नाही. ते गावानेच बसून ठरवले पाहिजे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने ते ठरवले. सुमारे ४०० मिलिमीटर पावसाचा हा भाग. पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले आणि पुढे आदर्श गाव योजनेत पाणलोटाची कामे झाली. गावाने चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळली, सिंचनासाठी बोअर घेणे बंद केले, ऊस व केळी यांसारख्या जास्त पाण्याच्या पिकांना मनाई केली. पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो आणि त्यानुसार रब्बीचे क्षेत्र ठरते. बंधारे अनेक गावांत झाले. हिवरे बाजारचे वेगळेपण असे की बंधाऱ्यात अडलेल्या पाण्याचा हिशेब गावाने ठेवला. अधिकाराबरोबर कर्तव्यही आले ते असे. आपल्या रानात ऊस न लावणे हे त्या शेतकऱ्यांनी स्वीकारलेले कर्तव्यच होय.

पैशाचे काय, असे सरपंच विचारतील. १४ व्या वित्त आयोगाने २०१५-२० या काळात अनुदान थेट ग्रामपंचायतींना दिले. १५ व्या आयोगाने २०२१-२६ साठी ६० टक्के निधी पिण्याचे पाणी व स्वच्छतेसाठी बांधून दिला. त्यात पावसाचे पाणी साठवण्याचाही समावेश होता. उरलेला ४० टक्के निधी पगार व आस्थापना वगळून अकराव्या अनुसूचीतील कोणत्याही स्थानिक गरजेवर खर्च करण्याची मुभा होती. म्हणजे मृदसंधारणाला किंवा पशुवैद्यकीय सोयीला वाट होती. आराखड्यात कामच सुचवले नाही, तर निधी शेतीकडे वळणार कसा?

म्हणून पुढील गोष्टी करण्यासारख्या आहेत.

१) ग्रामसभेला जा. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी ती लागते. एवढेही लोक जमत नाहीत, मग तहकूब सभेत मोजक्या मंडळींचे निर्णय सर्वांवर येतात. महिलांची सभा आधी घ्यावी. चारा-पाण्याची खरी अडचण तिथे कळते.

२) राज्य शासनाने २०२० साली प्रत्येक ग्रामपंचायतीत ग्राम कृषी विकास समिती नेमण्याचा निर्णय घेतला. सरपंच तिचे अध्यक्ष असतात. आपल्या गावची समिती कागदावर आहे की बसते, हे विचारा. खरिपापूर्वी आणि रब्बीपूर्वी तिची बैठक झालीच पाहिजे.

३) ऑक्टोबरमध्ये पाण्याचा ताळेबंद मांडा. पर्जन्यमापकाची नोंद, निवडक विहिरींची पातळी आणि पिकांखालील क्षेत्र एवढ्यावर सुरुवात होते. शाळेतील मुलेही ही मापे घेऊ शकतात.

४) 'आमचा गाव आमचा विकास' आराखड्यात शेतीची किमान दोन-तीन कामे जागेसह व अंदाजपत्रकासह सुचवा. 'शेतीचा विकास करणे' असा मोघम ठराव कामाचा नाही.

५) घरपट्टी व पाणीपट्टी वेळेवर भरा. जी पंचायत स्वतःच्या उत्पन्नावर चार कामे करते, तिला वरच्या कार्यालयातही मान मिळतो.

शेवटचा मुद्दा निवडणुकीचा. घटनेच्या कलम २४३-ङ प्रमाणे मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक व्हायला हवी. तरीही आरक्षणाच्या वादात महाराष्ट्रातील बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासक होते. अधिकारी कितीही कर्तबगार असले तरी लोकांनी निवडलेल्या सदस्याला शेतकरी बांधावर अडवून जाब विचारू शकतो, तसा प्रशासकाला विचारता येत नाही. वित्त आयोगाचे अनुदानही निवडून आलेल्या संस्थांसाठीच असते. म्हणून निवडणुका वेळेवर होणे हा शेतकऱ्याचाही प्रश्न आहे.

बंधू-भगिनींनो, उरलेले अधिकार खाली यावेत ही मागणी जरूर करा. विस्तार कर्मचारी ग्रामसभेला प्रत्यक्षात उत्तरदायी असावा, असा ठराव गावोगाव व्हावा. परंतु वाफसा आल्यावर जो पेरणीला उशीर करतो, त्याला पुढच्या पावसाची तक्रार करता येत नाही. आज जेवढे आपल्या हाती आहे, ते येत्या ग्रामसभेपासून वापरू. सभेच्या विषयपत्रिकेवर शेती व पाणी हा विषय पहिल्या क्रमांकावर लिहून घ्या. अनुसूचीतही तो पहिलाच आहे.