ढोलीचे झाड आणि आपला दावा
(मोलगी येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वनहक्काच्या बैठकीत पक्ष्याचे काय काढले, असे काहींना वाटेल. पण हा पक्षी उद्या आपल्याविरुद्ध साक्षीला उभा केला जाईल. म्हणून त्याची ओळख आजच करून घेऊ.

पक्षी म्हणजे रानपिंगळा. गावाजवळ दिसतो तो ठिपक्यांचा पिंगळा वेगळा. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, पोट पांढरे, पाय पिसांनी झाकलेले, आणि तो दिवसाउजेडी शिकार करतो. १८७३ साली ह्यूमने त्याची शास्त्रीय नोंद केली. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत होता तोच हा ह्यूम. नंतर डेव्हिडसन नावाच्या साहेबाने आपल्या खानदेशात काही पक्षी मारून नेले. १८८४ नंतर खरी नोंद नाही. १९१४ साली गुजरातेत तापीकाठी मांडवीला तो मिळाला, असे माइनर्ट्झहागेनने लिहून ठेवले होते. पुढे उघड झाले की त्याने डेव्हिडसनचाच नमुना संग्रहालयातून चोरून नवी चिठ्ठी लावली होती. खोट्या पत्त्यावर शोध घेणाऱ्यांची वर्षे वाया गेली. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, किंग आणि ॲबट यांना तो शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी दिसला. ११३ वर्षांनी सापडला म्हणतात. रानात रोज जाणाऱ्या आपल्या माणसांना मधल्या काळात कुणी विचारले होते?

आता त्याचा संसार पाहा. सातपुड्याचे उत्तरेचे पाणी नर्मदेला जाते, दक्षिणेचे तापीला. मधले विरळ, कोरडे सागाचे रान हे त्याचे घर. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत त्याची वीण चालते. मादी बहुधा दोन अंडी घालते, जवळपास महिनाभर उबवते, आणि तेवढा काळ नर तिला सरडे, सापसुरळ्या, उंदीर आणून देतो. स्वतः ढोली कोरणे त्याला जमत नाही. जुने, मोठे झाड पोकळ झाले किंवा सुताराने कोरले, तरच जागा. रोपटी लाखभर लावा, अशी ढोली एका पिढीत तयार होत नाही.

नोकरीत असताना मीच शेतकऱ्यांना सांगत असे, शेतातले पोकळ झाड काढा, पिकावर सावली पडते. तो सल्ला चुकीचा होता. ज्या झाडात उंदीर खाणारा पक्षी राहतो, ते झाड काढायला मी सांगत होतो.

या पक्ष्याला धोका कशाचा, तर जंगलतोड आणि अतिक्रमण, असे लिहिले जाते. जंगलतोड हे खरे आहे, ते नाकारू नका. पण १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसणाऱ्याला अतिक्रमणदार म्हणणे कायद्याला धरून नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने वन्यजीव आणि जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. तो वापरला नाही, तर दुसरे कुणी आपल्या नावाने राखायला येईल आणि आपल्याला बाहेर काढील.

म्हणून प्रत्येक पाड्याने नोंदवही घालावी. ढोलीचे झाड कुठले, कुठल्या नाल्याला, त्यात काय बसते, कोणत्या महिन्यात पिल्ले दिसली. नाव ठाऊक नसेल तर आपल्या बोलीतले लिहा. भगताला पिसे किंवा अंडी लागतात म्हणून घुबड मारणे बंद, असा ठराव घ्या. त्यावर भगतालाही बसवा. सामूहिक दाव्याच्या फाईलला ही वही जोडायची आहे. पुढच्या बैठकीला येताना सह्या-अंगठ्यांसह घेऊन या.