रोजनिशीचा ठेका



गाणं रंगलेलं असताना तबल्याच्या ठेक्याकडे आपलं लक्ष नसतं. ठेका मोडला की मात्र आपण दचकतो. रोजनिशी वाचायची ती याच कानांनी.

अमरावतीचे वकील गणेश श्रीकृष्ण तथा दादासाहेब खापर्डे यांचंच बघा. जन्म 1854चा. 1890 पासून अमरावतीत वकिली, 1897च्या तिथल्या काँग्रेस अधिवेशनाचे स्वागताध्यक्ष, लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी. वर्षानुवर्षं ते इंग्रजीत रोजनिशी लिहीत राहिले.

तिचा सर्वांत वाचला जाणारा भाग शिर्डीचा. डिसेंबर 1911 ते मार्च 1912 ते तिथे राहिले. नोंदींचा क्रम ठरलेला: पहाटे उठणं, प्रार्थना, साईबाबांचं दर्शन, मशिदीत बसणं, जेवण, पोथी, भजन. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. घाईचा वाचक इथे पानं उलटतो. तुम्ही उलटू नका. हा ठेका आहे, तो अंगात मुरू द्या.

मग 19 जानेवारी 1912 उजाडते. बाबांची मनोभावे सेवा करणारा मेघा पहाटे गेलेला असतो. काकड आरती होते, पण दिवस नेहमीचा राहत नाही. बाबा मोठ्याने शोक करतात, लोकांचे डोळे भरून येतात. खापर्डे सभा गाजवणारे वक्ते. इथे त्यांची वाक्यं अगदी साधी आहेत. तरी आपला गळा दाटतो, कारण आधीचे सारे एकसारखे दिवस आपण त्यांच्यासोबत काढलेले असतात.

आणखी एक खूण सांगतो. आत्मचरित्र लिहिणाऱ्याला पुढचं सगळं ठाऊक असतं. रोजनिशी लिहिणाऱ्याला उद्याही ठाऊक नसतो. खापर्डे शिर्डीत लिहितात तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात, स्वतःची वकिली थांबलेली, आणि अमरावतीला परतायची परवानगी बाबा कधी देतील, याचा अंदाज नाही. ही अनिश्चितता मनात ठेवून वाचलं, की जेवणाखाणाची नोंदसुद्धा बोलू लागते.

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893पासून उभं आहे. तिथून किंवा तुमच्या जवळच्या वाचनालयातून एखादी रोजनिशी आणा. रोज एकच दिवस वाचा, त्याहून जास्त नाही. महिनाभराने तुम्हाला ठेका ऐकू येईल.